भागूमावशीचं गवत

ज्या दिवशी लोण्या गवत सरकारदरबारी गुन्हेगार ठरलं, त्या दिवशी डॉ. विदुला खानोलकर कोल्हापूरच्या वनस्पती संग्रहालयात बसून चहात बिस्कीट बुडवत होती. बिस्कीट तुटून कपात पडलं आणि तेवढ्यात भागूमावशीचा फोन आला.

"अगं बाय, कुटं हाईस? सड्यावर मानसं आल्यात. चार उडनारी यंत्रं घिऊन. लोन्या जाळायचा म्हनत्यात."

"लोण्या? अगं, डेअरी गवत म्हणत असतील. नीट विचार बघू."

"मला काय लोन्या वळकू येत न्हाई व्हय? तुजंच नाव सांगत्यात. तुमच्या म्याडमनीच लिवून दिलंय म्हनं."

विदुलाने घाईघाईने नामकोश उघडला. लोण्याच्या पानावर लाल पट्टी होती. 'तण. दिसेल तेथे नष्ट करावे.' खाली आधार म्हणून एक शोधनिबंध दिला होता आणि लेखक म्हणून तिचंच नाव होतं. तिने कपाळाला हात लावला.

नामकोश म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातलाच आहे. पूर्वी झाडाझुडपांचे कायदे दहा खात्यांच्या दहा वह्यांत असत. शास्त्रज्ञ एखाद्या झाडाचं नाव बदलत आणि वह्यांत जुनंच राही. चंदनचोरसुद्धा नावाच्या गोंधळावर कोर्टातून सुटत. मग सगळ्या वह्या बंद करून एकच यंत्र बसवलं. जगात कुठेही वनस्पतीबद्दल निबंध छापून आला की ते तो वाचतं, त्याच दिवशी नाव सुधारतं, आणि नावामागून कायदा आपोआप चालत येतो. काय राखायचं, काय विकायचं, काय जाळायचं, सगळं नावावर. फवारणी करणारी यंत्रं माणसांना काही विचारत नाहीत, नामकोशाला विचारतात. सोय उत्तम होती. लोकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

आणि लोण्या म्हणजे सड्यावरचं गवत. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्या दगडाचा उघडा माळ. तिथे चार बोटं मातीत दुसरं काही धड उगवत नाही, लोण्या उगवतो. पावसाबरोबर येतो, दिवाळीला बी टाकून वाळतो. वाळला तरी म्हशी शिमग्यापर्यंत त्यावर जगतात आणि ताकावर असं लोणी येतं की नाव दुसरं पडूच शकलं नसतं. मावशीच्या मोरसड्यावरची गवळी धनगरांची चार घरं या गवतावर टिकून होती. ते गेलं की म्हशी जाणार, म्हशी गेल्या की माणसं खाली उतरून कुणाच्या तरी गेटवर वॉचमन होणार. इतकं ते सरळ होतं.

एकवीस वर्षांपूर्वी विदुला पहिल्यांदा सड्यावर गेली तेव्हा भागूमावशी, म्हणजे भागाबाई वरक, पन्नाशीची होती. शहरातली बाई गुडघ्यांवर बसून भिंगातून गवत बघते, याची तिला भारी गंमत वाटली. "काय हरवलंय गं तुजं?" असं म्हणून तिने हिला भाकरी आणि लोण्याचा गोळा खायला घातला आणि मग स्वतःच फिरून गवत दाखवलं. ते शास्त्राला ठाऊकच नव्हतं. कुठल्याच प्रजातीत बसेना, म्हणून विदुलाने त्याची नवी प्रजाती केली. प्रजाती म्हणजे गवतांची भावकी, आणि जात म्हणजे त्यातलं एक घर. भावकीचं नाव ठेवलं लोनिया, घराचं नाव भागुए, म्हणजे भागूची. लोनिया भागुए. मावशीला सांगितलं तर ती पदरात तोंड लपवून हसली.

"माज्या मालकानं म्हशीला बी कदी माजं नाव दिलं न्हाई. आन् मी मेल्यावर गं?"

"तरी राहणार. एकदा छापलं की ते कुणालाच काढता येत नाही. मलासुद्धा नाही."

"मग बेस हाय," मावशी म्हणाली होती. तेव्हापासून विदुला वर गेली की भाकरी-लोण्याशिवाय परत आली नाही.

मग दुष्काळाची ओळीने तीन वर्षं आली आणि दूधवाल्यांनी परदेशातून चाऱ्यासाठी एक गवत आणलं. शास्त्रातलं नाव ट्रायकोनोडा, लोकांनी म्हटलं डेअरी गवत. पुरुषभर उंच, बोटाएवढ्या जाड मुळ्या. चार वर्षांत ते बांध सोडून ओढ्यांत आणि ओढ्यांतून डोंगरावर चढलं. उन्हाळ्यात पेटलं की रानंच्या रानं राख. मावशीने ते सड्याच्या कडेला पहिल्यांदा बघितलं, पेरापाशी नख लावलं, कांडं चावलं आणि थुंकली.

"ह्यो आपल्या लोन्याचा चुलता हाय बग. पेरावरची लव बग. आन् आंबूस लागतंय, अगदी तसंच."

मावशीच्या या एका वाक्यावर विदुलाने दोन्ही गवतांची जनुकं तपासली. सतरा जनुकं ताडून पाहिली, सतराही एकच गोष्ट सांगत होती. भावकी एकच. कोट्यवधी वर्षांपूर्वी भूखंड तुटले तेव्हा एक भाऊ तिकडे राहिला, एक इकडे आला. नामकरणाचा नियम असा की दोन प्रजाती एक निघाल्या तर जुनं नाव राहतं, नवं जातं. ट्रायकोनोडा हे नाव दीडशे वर्षं जुनं होतं. विदुलाने आपल्या हाताने आपलीच प्रजाती मोडली आणि लोण्याला लिहिलं, ट्रायकोनोडा भागुए. निबंधाचं फार कौतुक झालं. स्वतः ठेवलेलं नाव सत्यासाठी पुसणारी बाई म्हणून परिषदेत लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर सरकारने ट्रायकोनोडा ही अख्खी प्रजाती तणयादीत टाकली. एकेक जात निवडत बसलं तर संकर निसटतात, म्हणून भावकीच्या भावकी. लोण्या त्या यादीत कसा गेला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. नामकोशाने वाचलं, नामकोशाने लिहिलं. संग्रहालयाच्या शीतगृहात जपलेलं लोण्याचं बी, मावशीचा फोन आला त्याच सकाळी, नियमाप्रमाणे जाळून टाकलं होतं.

विदुला दुपारी सड्यावर पोचली तेव्हा फवारणीवाले सड्याच्या कडेला झाडाखाली डबे खात होते. त्यांचा साहेब इम्तियाज नदाफ, तणनियंत्रण खात्यातला, तिशीचा, बोलायला मृदू. त्याने तिला ओळखलं आणि उठून उभा राहिला.

"मॅडम, मला स्वतःला वाईट वाटतंय हो. पण यंत्रं नाव वाचतात. फार तर नोंदीत घोळ आहे म्हणून आठ दिवस थांबवतो. त्यापुढे माझ्या हातात काही नाही."

"सवलतीचा अर्ज केला तर?"

"दीड वर्ष. आणि एकट्या जातीला सवलत देता येत नाही, प्रजातीच वेगळी असेल तर गोष्ट वेगळी."

सगळं मावशीच्या समोरच चाललं होतं. कमरेवर हात ठेवून ती दोघांच्या तोंडाकडे बघत होती. "तूच लिवलंस न्हवं?" ती म्हणाली. "मग तूच खोड की."

विदुला चार दिवस घराबाहेर पडली नाही. तिने निबंध लिहिला की लोनिया ही स्वतंत्र प्रजाती आहे, पूर्वीचं विलीनीकरण घाईचं होतं. त्यात खोटं वाक्य एकही नव्हतं. फुलोऱ्यातले तीन बारीक फरक होते, ते खरेच होते. पंधरा जनुकं अशा पद्धतीने मांडली की फरक मोठा दिसावा, तीही खरी होती. फक्त दोन जनुकं गाळली. ती दोन ठेवली असती तर शेंबड्या पोरालाही दिसलं असतं की ही गवतं सख्खी आहेत. आयुष्यभर विद्यार्थ्यांना ज्या गोष्टीसाठी नापास केलं ती गोष्ट स्वतः करताना तिचा हात थांबला नाही. जग तिच्या शब्दावर विश्वास ठेवत होतं आणि तो विश्वास ती खर्च करत होती. कशासाठी, तर एका गवतासाठी आणि चार घरांसाठी. तिला ते तेव्हा महाग वाटलं नाही.

तिचं नाव बघून निबंध त्याच दिवशी छापला गेला, पण नामकोशाला आणखी एक गोष्ट लागे. नावावरून वाद असेल तर त्या वनस्पतीच्या मुलखातल्या जाणत्या माणसाची साक्ष. जाणतं माणूस म्हणजे मावशीच.

"एवढंच म्हण," विदुलाने तिला सांगितलं, "की लोण्या आणि डेअरी गवत एका भावकीतले नाहीत."

"पर ते हायतच की."

"मला माहीत आहे, मावशी. पण तसं म्हटलंस तर लोण्या जाळतील."

"साक्ष देवळात हुनार बाय. खालच्या गावचे पंच येनार. बिरदेवाचा भंडारा उचलायला लावत्यात."

भंडारा म्हणजे देवापुढची हळद. ती मुठीत घेऊन बोललं की मोरसड्यावर कोर्टाचीही गरज राहत नसे. मावशीच्या थोरल्या दिराने जमिनीच्या भांडणात भंडारा उचलायला नकार दिला होता, जमीन गेली तरी चालेल म्हणाला होता.

"हळदच आहे ना गं शेवटी," विदुला म्हणाली, आणि हे शब्द तिला पुढे फार आठवले. "देवाला काय, गवत वाचलेलं नको असेल का?"

मावशी बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तू शिकलेली हाईस," ती शेवटी म्हणाली. "तू म्हनतीस म्हंजे असंल तसं कायतरी."

बिरदेवाच्या देवळात पंच बसले होते, नदाफने कॅमेरा लावला होता. मावशीने स्वच्छ लुगडं नेसलं होतं. तिने मूठभर भंडारा उचलला, कॅमेऱ्याकडे न बघता देवाकडे बघितलं आणि म्हणाली, "लोन्याचं आन् त्या गवताचं नातं न्हाई." आवाज अगदी बारीक निघाला. पंचांनी माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी नामकोशातली लाल पट्टी हिरवी झाली. विदुला पेढे घेऊन वर गेली. मावशीने पेढा हातात घेतला आणि म्हशीच्या पारड्याला भरवला.

वैशाखात नदाफ संग्रहालयात आला. चांगली बातमी सांगायला स्वतः आलो, म्हणाला. डेअरी गवतावर शेवटी औषध सापडलं होतं.

"तांबेरा, मॅडम. गव्हावर पडतो ना, त्याच जातकुळीची बुरशी, पण प्रयोगशाळेत बदललेली. हिचा बीजाणू पानावर पडला की आधी पानाचं मेण चाटून बघतो. या प्रजातीच्या मेणात एक खास रेणू असतो. तो सापडला तरच बीजाणू रुजतो, नाहीतर उपाशी मरतो. ज्वारी, बाजरी, ऊस, साठ गवतांवर करून पाहिलं. एकावरही डाग नाही. कुलपाला किल्ली बसावी तशी बसते."

"मेणाचं जनुक," विदुला म्हणाली. "कुठलं?"

त्याने कागदावर बोट ठेवलं. तिने गाळलेल्या दोनांतलं ते पहिलं होतं.

तिने कागद जवळ ओढला. "साठांत लोण्या होता?"

"नाही. नियम असा आहे की त्याच प्रजातीतली देशी जात असेल तर तिच्यावर चाचणी सक्तीची. आधी लोण्या होता ना त्यात, तेव्हा हा प्रकल्पच अडकला होता. तुमच्या नव्या निबंधाने मोकळा झाला." तो मनापासून हसला. "खरं सांगायचं तर तुमच्यामुळेच जमलं हे. मोरसड्यावरही सोडतोय आषाढात, कडेचं डेअरी गवत साफ होईल. मावशी खूश होतील."

"एकदा लोण्यावर करून बघितलं तर? माझ्या समाधानासाठी."

"आठ महिने लागतात. पाऊस हुकेल. तरी करू, पण कारण लेखी द्यावं लागेल तुम्हाला." त्याने हातातली पडद्याची पाटी तिच्यापुढे सरकवली. "नाहीतर फक्त एवढंच, की तुमचं मत कायम आहे. अंगठा टेकवायचा."

कारण लेखी द्यायचं म्हणजे काय लिहायचं, हे तिला अक्षर न् अक्षर ठाऊक होतं. ते लिहिलं की लोण्या त्याच संध्याकाळी परत तणयादीत. चाचणी होईपर्यंत जाळून मोकळे. तिची सगळी कारकीर्द मातीत. आणि पंचांना कळणार की भागा वरकने देवापुढे खोटा भंडारा उचलला. सत्तरीच्या बाईच्या हातचं पाणी कुणी प्यायलं नसतं. विदुलाने मनाची समजूत घातली. मेणाचा रेणू लोण्यात थोडा वेगळा असेल. सड्यावर वारा असतो, बीजाणू उडून जातील. गवतं काय, रोगातून उठतातच. तीस वर्षं गवतांत काढलेल्या बाईने स्वतःला असल्या बालिश थापा मारल्या, आणि पाटीवर अंगठा टेकवला.

"कायम आहे," ती म्हणाली.

लोण्याचं बी पुन्हा गोळा करून ठेवायला हवं, हे तिच्या मनात जेव्हा आलं तेव्हा ज्येष्ठातला पाऊस सुरू झाला होता आणि सड्यावरचं सगळं बी रुजून गेलं होतं.

भाद्रपदात मावशीचा फोन आला नाही, म्हणून विदुलाच वर गेली. शेवटचं वळण घेतलं आणि तिने गाडी थांबवली. एरवी या दिवसांत सडा हिरवागार, त्यात निळी-जांभळी फुलं. आज सगळा सडा पिवळा होता. फुलांनी नव्हे. लोण्याच्या प्रत्येक पानावर पिवळ्या भुकटीच्या रेघा होत्या, आणि चाललं की ती भुकटी उडून साडीवर, हातांवर, तोंडावर बसत होती. फुलोरा आलाच नव्हता. पानांचे कोवळे पोंगे जागच्या जागी सुकले होते. लोण्या दरवर्षी बियांवरच उगवणारं गवत, आणि बी मातीत एका पावसाळ्यापुरतंच जगतं. विदुलाने दुपारपर्यंत गुडघ्यांवर रांगत एक तरी भरलेलं कणीस शोधलं. एकही मिळालं नाही.

कडेचं डेअरी गवतही पिवळं पडलं होतं. पण खाली वाकून बघितलं तर जाड मुळ्यांमधून नवे कोंब वर येत होते.

मावशी देवळाच्या पायरीवर बसली होती. म्हशींच्या नाकपुड्या पिवळ्या झाल्या होत्या आणि त्या चरत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. मावशीने दोन्ही तळवे पुढे केले. तेही पिवळे होते.

"बग," ती म्हणाली. "देवानं भंडारा परत दिला. मी मूठभर उचलला व्हता, त्येनं सडाभर टाकला."

"मावशी, तो भंडारा नाही गं. बुरशी आहे ती. माणसांनी केलेली. देवाचा काही संबंध नाही."

"मग लोन्याला का लागली? ती तर त्या दुसऱ्यासाटी व्हती म्हनं."

शास्त्राचं जे उत्तर होतं ते विदुलाला पाठ होतं. बुरशी भावकी बघते, आणि भावकी एकच होती, आणि आपण दोघींनी ती वेगळी आहे असं सांगितलं. मावशी जे म्हणत होती त्याहून ते वेगळं नव्हतंच.

"कारण ते एकच आहेत," ती म्हणाली. "तू म्हणाली होतीस ते खरं होतं. मी तुला खोटं बोलायला लावलं. मला सगळं माहीत होतं, वैशाखातही माहीत होतं, आणि मी गप्प बसले." ती रडायला लागली. मावशीने तिला जवळ घेतलं नाही. रागावलीही नाही.

"उचलला तर मीच," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हशी उद्या जात्यात. खालचा एक येतोय न्यायला. नातू म्हनतोय कोल्लापुरात खोली घिऊ."

विदुला उठली. मावशीने भाकरीचं विचारलं नाही. पायऱ्या उतरताना मागून हाक आली.

"बाय, एक कर. माजं नाव काड त्येच्यावरनं. मेलेल्या गवताला माजं नाव नगं. माज्या हातानं मेलंय ते."

विदुला होकाराची मान हलवून खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नामकोशाला कबुलीजबाब पाठवला. गाळलेली दोन जनुकं, वैशाखातला अंगठा, सगळं. साक्ष मी शिकवली, साक्षीदाराचा दोष नाही, हे दोनदा लिहिलं. आदल्या दिवशी आणलेली सुकी काडी तिने कागदावर चिकटवली आणि खाली खरं नाव लिहिलं, ट्रायकोनोडा भागुए. आता आपल्याला काय शिक्षा व्हायची ती होवो, असं तिला वाटत होतं. शिक्षा झाली असती तर बरंच वाटलं असतं. तासाभरात उत्तर आलं.

'दुरुस्ती स्वीकारली. जात: ट्रायकोनोडा भागुए. वर्ग: तण. सद्यस्थिती: समूळ नष्ट. तणनिर्मूलनातील आपल्या सहकार्याबद्दल अभिनंदन.'

ती त्या अक्षरांकडे बघत बसली होती तेव्हा फोन वाजला.

"निगालं का गं नाव?" मावशीने विचारलं. मागे म्हशी रेकत होत्या, कुणीतरी ट्रकचं फळकं आपटत होतं.

समोरच्या कागदावर नाव होतं. पडद्यावर नाव होतं. जगातल्या सगळ्या संग्रहालयांच्या याद्यांत या क्षणी ते पोचत होतं, आणि गवत नसलं तरी ते तिथे राहणार होतं.

"निघालं, मावशी," विदुला म्हणाली.

"खरं?"

कितीही धुतली तरी तिच्या नखांच्या कडांतून पिवळी भुकटी गेली नव्हती.

"खरं," ती म्हणाली.